कट कर, म्हाराजा

“निशी, पंखा बंद कर. त्याचा आवाज येतो.”

“आणि तुझ्या घामाच्या धारांचा नाही येत?” मी म्हटलं आणि पंखा बंद केला. करणार काय? कुवारबावच्या आमच्या दीड खोलीत मार्चची दुपार, दार-खिडक्या लावलेल्या, आणि नवरा डोक्यावर पांढरी टोपी घालून, हातात नारळ धरून उभा. समोर स्टुलावर डबे रचून त्यांना टेकवलेला फोन. नारळ तोच, जो संध्याकाळी चटणीत जाणार होता.

विनीतनं डोळे मिटले, घसा खाकरला आणि एकदम वेगळ्याच आवाजात सुरू झाला.

“हे बा देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात ‘दहशत का दामाद’ नावाचा पिक्चर आलाय रे म्हाराजा! त्येचा हिरो पन्नाशीचा हाय, पन अजून कॉलेजात जाताय. त्येचा विग वाऱ्यानं हलताय, तो जाग्यावर ठेव रे म्हाराजा!”

मग मान वळवून, दहा-वीस माणसं एकदम ओरडावीत तसा स्वतःच ओरडला, “कट कर म्हाराजा!”

“हिरोनं लाथ मारायच्या आधीच गुंड उडताय, त्येला जरा धीर दे रे म्हाराजा!”

“कट कर म्हाराजा!”

“मेलेला गुंड पडल्या पडल्या डास मारताय. त्या गरिबाला नीट मरन दे रे म्हाराजा!”

मी तोंडावर पदर धरून हसत होते. खोटं कशाला बोलू? त्याला ते जमतं. टाइल्सच्या शोरूममध्ये दिवसभर “मॅडम, ही मॅट फिनिश, ही ग्लॉसी” म्हणत मान खाली घालून वावरणारा माणूस टोपी घातली की वेगळाच होतो. दोन-चार लाखांत काढलेले मारधाडीचे पिक्चर शोधून शोधून बघायचे आणि त्यांच्या नावानं गाऱ्हाणं घालायचं, हा त्याचा चॅनल. वर्षभर कुत्रं बघत नव्हतं. मग एक व्हिडिओ मुंबईतल्या चाकरमान्यांच्या हाती लागला आणि भडकाच उडाला. लग्नात, वाढदिवसाला, क्रिकेटच्या मॅचला, जिथं तिथं “कट कर म्हाराजा”. शोरूमच्या मालकानं तर त्याला टोपी घालून टाइल्ससमोर उभा केला. पगार मात्र वाढवला नाही मेल्यानं.

त्या दुपारी शूटिंग अर्ध्यात मोडलं, कारण फोन वाजला. गावाहून आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे, लवू. फोनवर ते नेहमी लांबच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

“विनू, परवा पालखी सहानेवर बसताय. औंदा तू माज्या बाजूला उभा रव. माजा दम पुरत न्हाय आता. हळूहळू तुलाच घ्यायला पायजे.”

विनीत खाली बसला. टोपी काढली.

“आनि यमुनेच्या सदूचं गाऱ्हानं हाय औंदा. ती लय आशेवर हाय. येळेवर ये.”

“येतो आबा,” विनीत म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो नारळाची शेंडी कुरवाळत बसला. “निशी, मला पांढरा शर्ट-लेंगा घ्यायला हवा. नवा.”

इथं थोडं सांगायला हवं. मी नाटे गावची, खाडीकडची. आमच्याकडेही गाऱ्हाणं असतं, पण सासरच्या गावात त्याचा मान भारी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते, सहाणेवर म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर बसते, आणि एक माणूस नारळ घेऊन देवीपुढं उभा राहून एकेकाचं दुखणं-खुपणं मोठ्यानं सांगतो. कुणाला मूल नाही, कुणाचं पोर नोकरीला लागत नाही, कुणाची गाय आटली. प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” गावानं ‘व्हय’ म्हटलं की ते मागणं देवापर्यंत पोचलं. नाही म्हटलं तर नारळ फुकट गेला, असं मानतात. आणि हा गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे, आबांकडे.

आता आबा म्हणजे कोण? कारखानदार नाहीत, सरपंच नाहीत. आयुष्यभर आंब्याच्या कॅनिंगमध्ये पेट्या ठोकल्या. बिनआंब्याच्या दिवसांत भाताची खाचरं. भाऊकीत कुणी विचारत नाही, बायकोनं हयातभर “ह्यांना काय कळताय” म्हटलं आणि गेली बिचारी. दिवसभरात दहा शब्द बोलतील तर शपथ. पण शिमग्याला सहाणेवर उभे राहिले की अख्खा गाव त्यांच्या तोंडाकडे बघतो. आवाज असा सुटतो की अंगावर काटा येतो. शब्दाशब्दाआधी किंचित थांबतात, मधेच खाकरतात, शेवटच्या ‘म्हाराजा’ला हात वर नेतात. विनीत चॅनलवर जे करतो ते सगळं तिथलंच, खाकरण्यासकट. लहानपणापासून पाठ झालेलं. त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

लोक आता म्हणतात, पोरानं बापाची टिंगल केली. म्हणू देत. मी सांगते, टिंगल नव्हती ती. आणि आबांना ठाऊक नव्हतं असंही नाही. गेल्या गणपतीत आम्ही गावी गेलो तेव्हा विनीतनं स्वतः त्यांना पडवीत बसवून दाखवलं. मला धाकधूक, म्हातारा फोन अंगणात फेकतो की काय. आबा चष्मा नाकावर सरकवून बघत होते. एका पिक्चरमधलं हेलिकॉप्टर दोरीनं बांधून ओढलंय हे कळल्यावर गालात हसले. मरता मरता चप्पल सावरणाऱ्या गुंडाला तर एवढे हसले की खोकलाच आला.

तेव्हा विनीत चॅनलवरही “व्हय म्हाराजा”च म्हणायचा. आबांनी तेवढंच पकडलं.

“विनू, बाकी कर काय ती गंमत. पन ‘व्हय’ म्हनू नको. ‘व्हय’ म्हटलं की देव कामाला लागताय. फुकटचं कशाला दमवायचं त्येला?”

“मग काय म्हणू, आबा?”

“म्हन काय पन. पिक्चरवाले काय म्हनतात त्यांचं?”

“ते कट म्हणतात.”

“मग त्येच म्हन. देवाचं देवाला, पिक्चरचं पिक्चरला.”

विनीतला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! त्यानं त्या दिवसापासून ‘व्हय’ सोडलं आणि ‘कट कर’ धरलं. तेच चाललं, तेच घराघरांत गेलं. तोडगा सासऱ्यांचा होता, हे आज कुणालाच आठवत नाही. मला आठवतं आणि माझं डोकं फिरतं.

सदू हा आमच्या शेजारच्या यमुनाकाकीचा एकुलता एक. लहानपणापासून विनीतच्या पाठीपाठी. कुठल्या तरी एजंटाच्या नादानं जहाजावर लागला. तिथून तो विनीतचे व्हिडिओ बघायचा, बरोबरच्या बिहारी-बंगाली पोरांना अर्थ समजावून सांगायचा, आणि खाली लिहायचा, “कट कर म्हाराजा, समुद्रातून सदू.” दिवाळीत एकदा फोन आला की मालक जहाज परक्या बंदरात सोडून पळालाय, पाणी मोजून मिळतंय. त्यानंतर काही नाही. एजंट फोन उचलत नाही. कचेऱ्यांतून “चौकशी चालू आहे” एवढंच. यमुनाकाकी विधवा, तिला ना इंग्रजी ना हिंदी. तिची सगळी आशा शिमग्यावर होती. सहाणेवर आबांनी गाऱ्हाणं घातलं, गावानं ‘व्हय’ म्हटलं, की सदू येणार. मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, मला रिपोर्ट समजतात. पण त्या बाईला जगायला काहीतरी हवं होतं, हेही मला समजतं.

गावात पोचलो तर सगळे चाकरमानी उतरलेले. विनीतला कोण मिठ्या मारतंय, कोण सेल्फी काढतंय. भाऊकीतला रघू दीर मात्र बाजूला घेऊन म्हणाला, “विन्या, तुज्या त्या धंद्यापायी पोरं चेकाळलीत हां. सहानेवर काय वाकडं झालं तर मी गप बसनार न्हाय. मान काय तुमच्याच घराला चिकटवून दिलेला न्हाय देवीनं.” रघूचा डोळा त्या मानावर जुनाच होता, पण तो बोलला ते खोटं नव्हतं.

विनीत दारोदार फिरला. खरंच फिरला. मुंबईच्या पोरांपुढं हात जोडले. “बाबांनो, फोन खिशात ठेवा. इथं फक्त ‘व्हय म्हाराजा’. माझी शपथ आहे तुम्हाला.” रघूचा ओमकार, विरारला राहणारा, त्यानंच सगळ्यांना दम भरला, “ए, दादा सांगतोय ते ऐका. देवीसमोर मस्ती नाय.” चांगली पोरं होती. वाईट असती तर निदान शिव्या घालायला बरं झालं असतं.

दुपारी ढोल थांबले. पालखी सहाणेवर बसली. पुढं आबा, धुतलेलं धोतर, हातात नारळ. बाजूला विनीत, नव्या पांढऱ्या कपड्यांत, घडीच्या रेघा तशाच. बायकांच्या घोळक्यात यमुनाकाकी ओटीचं ताट घेऊन अगदी पुढं, आणि तिच्या शेजारी मी.

“हे बा देवी म्हाराजा!” आबांचा आवाज उठला. “आज तुजी सगली लेकरं, पोटासाठी मुलूखभर पांगलेली, तुज्या पायाशी जमलीत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी विनीतकडे बघितलं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं.

दोन-तीन मागणी झाली. गाव नीट ‘व्हय’ म्हणत होता. आबांना दम लागत होता, पण आवाज तोच. मग ते जरासे थांबले, यमुनाकाकीकडे बघितलं, खाकरले आणि हात वर नेला.

“ही तुजी लेक यमुना, हिचा एकला एक पोरगा सदाशिव, तो पान्यावर अडकलाय रे म्हाराजा! जिथं असंल तिथनं त्येला उचल, आनि आवशीच्या दारात सुखरूप आनून सोड रे म्हाराजा!”

“कट कर म्हाराजा!”

मागच्या रांगेतून आलं. एकाचं नाही, पाच-पन्नास जणांचं, एका सुरात, एका दमात. कुणी ठरवलेलं नव्हतं. बहुतेकांना ओरडून झाल्यावर कळलं आपण काय ओरडलो ते. आबांचा थांबा, ते खाकरणं, तो वर गेलेला हात, आणि त्यापुढं जीभ आपोआप वळली. महिनोन्‌महिने फोनवर तेच ऐकलेलं. दोन-चार पोरांना हसू फुटलं आणि ते दाबायला गेली तर अधिकच फुटलं.

“गप बसा रे! गप बसा!” विनीत किंचाळला. त्याचा आवाज चिरकला, त्यावर आणखी कोणी तरी हसलं.

यमुनाकाकी माझ्याकडे वळली. तिच्याकडे साधा फोन, तिनं विनीतचा एकही व्हिडिओ बघितलेला नव्हता.

“काय म्हनलेत गो? ‘कट कर’ म्हनजे काय? माज्या सदूला असं का म्हनलेत?”

काय सांगू मी तिला? पिक्चरची गंमत आहे, काकी, म्हणू? मी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

जाणती माणसं पुढं झाली. “लवूदा, पोरांचं काय मनावर घेता? परत घाला तेवढं.” ओमकारच्या डोळ्यांत पाणी होतं. “सॉरी आबा, तोंडातून गेलं. आईशप्पत, तोंडातून गेलं.”

आबांनी नारळाकडे बघितलं. “गाऱ्हानं एकदाच असताय,” ते म्हणाले. आवाज पुन्हा रोजचा, दहा शब्दांचा झाला होता. “गावानं उत्तर दिलानी. आता देवी ऐकनार ती त्येच ऐकनार.”

“मग बाकीच्यांचं?” कुणीतरी विचारलं.

आबांनी नारळ रघूच्या हातात दिला. रघू एवढा भांडखोर, पण तोही गांगरला. दोनदा “नको, नको” म्हणाला, आणि मग घेतला. त्यानं उरलेली गाऱ्हाणी घातली. अडखळत, नावं विसरत. गाव शाळेतल्या पोरांसारखा मान खाली घालून “व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा” म्हणत राहिला. सदूचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. कुणी सुचवलं तेव्हा म्हणाला, “त्येच्यात मला हात घालायला लावू नका.” यमुनाकाकी ताट घेऊन तशीच उभी होती. पालखी उठली तेव्हा कुणीतरी तिला बाजूला केलं.

संध्याकाळपर्यंत सहाणेवरचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. एवढ्या शपथा घालूनही कुणाचा तरी फोन वर होताच. खाली लोकांनी हसून हसून लोळणारे चेहरे टाकलेले. “ओरिजिनल आबा सापडले!” “बापापेक्षा बेटा सवाई!” “म्हातारा भारी ॲक्टिंग करतो.” विनीतच्या कुठल्याच व्हिडिओला एवढी माणसं कधी आली नव्हती. शोरूमच्या मालकाचाही फोन आला, आबांना घेऊन ये म्हणाला, दोघं मिळून जाहिरात करू. मी फोन हिसकावून घेतला आणि त्याला जे काय सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. नोकरी गेली तर गेली.

विनीत पडवीत बसून आपले व्हिडिओ एकेक करून पुसत होता. आबांनी बराच वेळ बघितलं.

“फोनातनं काढशील,” ते म्हणाले. “लोकांच्या तोंडातनं कसं काढनार?”

विनीत रडायला लागला. आबांनी त्याला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, एक थोबाडीत तरी मारायची होती हो पोराच्या. तो तेवढ्यावर जगला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकीची बैठक झाली. पुढल्या शिमग्यापासून मान रघूकडे. आबांनीच तसं सांगितलं म्हणे, भांडण झालंच नाही. बैठकीहून परत आले तर अंगणात यमुनाकाकी उभी. पदराखाली नारळ.

“लवूदा, माजं गाऱ्हानं राहिलंय.”

“यमुने, मान गेलाय माज्याकडनं.”

“मान गेला असंल. तोंड न्हाय ना गेलं?”

“गाव नको का ‘व्हय’ म्हनायला? कोन म्हनंल?”

“मी म्हनतंय. पोरगा माजा हाय. गावाला काय पडलंय त्येचं?” ती पायरीवर चढली. “मना उत्तर ठाव हाय. मी ते पिक्चरबिक्चर काय बघितलेलं न्हाय.”

आबा आत गेले, हातपाय धुतले, टोपी घातली आणि पडवीत देवीच्या फोटोसमोर उभे राहिले. यमुनाकाकी त्यांच्या मागं हात जोडून. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. विनीत आतून आला. अंगात कालचेच पांढरे कपडे, त्यात झोपल्यामुळं चुरगळलेले. तो नेहमीच्या सवयीनं आबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आबांनी मान न वळवताच सांगितलं, “विनू, तू न्हाय. तू भायेर जा.”

“आबा, मी नुसतं ‘व्हय’ म्हणतो. दुसरं काही—”

“ठाव हाय मना. पन तुज्या तोंडचं आता देवाला खरं वाटायचं न्हाय, बाबा. पोराचा सवाल हाय.”

‘बाबा’ म्हणाले ते किती मायेनं! विनीत क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी काय करणार होते? तो वळला, चपलाही न घालता अंगणात उतरला.

“हे बा देवी म्हाराजा,” आबांनी सुरुवात केली. आवाज खोल गेलेला, मधे मधे तुटत होता. “ही तुजी लेक यमुना, हिचा पोरगा सदाशिव...”

“व्हय म्हाराजा,” यमुनाकाकी म्हणाली. मीही म्हटलं. विश्वास नसताना म्हटलं. दोन बायकांचा आवाज तो, पडवीच्या बाहेर कितीसा जाणार?

दारातून मला अंगण दिसत होतं. विनीत उन्हात अनवाणी उभा होता, घराकडे तोंड करून, हात जोडून. आबा दम घ्यायला थांबले की त्याचेही ओठ हलायचे. आवाज मात्र त्यानं बाहेर येऊ दिला नाही.